जोडीनं घेतलेला फोन

फोन म्हटलं की मला अजून ढेपेचा वास येतो. आंध्राच्या हद्दीतल्या भैंशात आमचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुरांच्या पेंडीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागं घर. गादीवर बाबांच्या उजव्या हाताला काळा फोन असायचा. गल्लीत फोन असलेली घरं मोजकीच, त्यामुळं जो तो आमच्याकडं. जिनिंगवरचे हमाल यायचे, लॉरीवाले यायचे, तलमडुगुकडून कापूस घेऊन आलेले शेतकरी यायचे. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा कोंबलेला, आणि तसंच रिसीव्हर तोंडाशी धरून ओरडायचं. बोलून झालं की त्या जाळीवर तांबूस शिंतोडे. डायलच्या भोकांत तेल आणि ढेपेचा भुगा असा बसलेला की काडीनं उकरून काढावा लागायचा. शी! मी कॉलेजातून आले की आधी तो फोन ओल्या फडक्यानं पुसायची आणि मग हात साबणानं धुवायची. बाबा हसायचे. मला हसू यायचं नाही.

पण थुंकी पुसता येते. माणसांचे कान पुसता येत नाहीत. घरातल्या बाईला फोन आला तर तिनं डोक्यावर पदर घेऊन दुकानात यायचं, पोत्यांच्या मधे उभं राहायचं आणि चार गिऱ्हाइकांसमोर बोलायचं. ती बोलायला लागली की तराजूसुद्धा थांबायचा. कुणी उठून जायचं नाही. उलट ज्याची ढेप मोजून झालेली तोसुद्धा बिडी काढून बसायचा.

आणि आमच्या घरातल्या बाईचं बोलणं त्या काळात तसं चारचौघांत करण्यासारखं नव्हतं. माझी मोठी बहीण नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली होती. सोयरीक जुळवली ती समोरच्या घरातल्या काकूनं. ताईची सासू म्हणजे काकूची मावसबहीण. "सोन्यासारखं घर हाय, डोळे झाकून द्या," म्हणाली होती. आम्ही डोळे झाकूनच दिली. नवरा मारायचा, सासू पीठ कुलपात ठेवायची, आणि सासरा हे सगळं बाजेवर बसून बघायचा. ताईला एक मुलगा झाला, तेव्हा वाटलं आता बरं होईल. कसलं काय! नातू त्यांचा झाला, मार ताईचाच राहिला.

बाजाराच्या दिवशी भाजीला निघाली की ताई एसटीडी बूथवरून फोन करायची. पलीकडं ती हुंदके देतेय आणि अलीकडं आई गिऱ्हाइकांकडं पाठ करून म्हणतेय, "हं. हो. जेवलीस का? पोरगा कसा हाय?" दुसरं काय बोलणार बिचारी! फोन ठेवला की पोत्यावरून आवाज यायचा, "पोरीचा व्हता काय? काय म्हन्ते?" आई म्हणायची, "खुशाल हाय." त्या माणसांच्या चेहऱ्यावर जी निराशा दिसायची ना, ती आठवली की मला अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पोरगी खुशाल आहे म्हटल्यावर माणसाचं तोंड पडावं?

म्हणून मी हट्ट धरला की बिनतारी फोन घ्या. हँडसेट स्वयंपाकघरात नेता येतो, दार लावून आईला बोलता येईल. कापसाचा हंगाम सरला तसे बाबा कबूल झाले. पण निवडायला पाठवलं कुणाला, तर आईच्या भावाला, आमच्या मामाला. मामा दोनदा हैदराबादला जाऊन आलेला, म्हणून त्याला सगळ्या यंत्रांतलं कळतं असं त्याचं त्यानंच ठरवलं होतं. मी मागं लागून सोबत गेले. ऐन वेळी काकूचा नवराही बसस्टँडवर हजर. "आपल्यालेबी एक पाहू म्हणलं," म्हणाला.

आमच्या गल्लीत एक खोड होती. घ्यायचं ते जोडीनं घ्यायचं. शिवणयंत्र, कुकर, सिलिंग फॅन, अगदी साडीसुद्धा. दोन घरांनी मिळून एकसारखं घेतलं की दुकानदार भाव उतरवतो, आणि एकसारखी वस्तू दोन घरांत असली की हेवा होत नाही. तीच अक्कल फोनला लावली.

नांदेडच्या दुकानदारानं दोन तऱ्हा समोर ठेवल्या. एक छोटा, अँटेना बोटभर. म्हणाला, "हा घरापुरता. पण ह्याला कोड आहे. चार्जिंगच्या ठोकळ्यावर ठेवला की आपोआप बदलतो. दुसऱ्याचा सेट ह्याच्यात घुसत नाही." दुसरा चांगला मोठा, अँटेना ओढली की हातभर. मामानं तो उचलला, सर्रकन अँटेना ओढली, माझा डोळा जाता जाता वाचला.

"रेंज कितीक हाय ह्याची?"

"मोकळ्या रानात गेलात तर गावाबाहेरपर्यंत."

झालं! मामाचे डोळे चकाकले. मी म्हटलं, "मामा, तो कोडवाला घेऊ. आपल्याले गावाबाहेर जाऊन थोडंच बोलायचं हाय? दार लावून तं बोलायचं." मामा दुकानदाराकडं बघून हसला, जणू मी बाहुली मागितली. "घरातल्या घरातच बोलायचं तं तारेचा काय वाईट व्हता? अन् कोड घेऊन काय करतं वं? आपल्या घरी काय चोरीचं बोलून राह्यले काय?" काकूच्या नवऱ्यानं मान डोलावली. दोन मोठे सेट बांधून घेतले. एकच कंपनी, एकच रंग, एकाच खोक्यातून निघालेली जुळी भावंडं. दुकानदारानं जोडीचे म्हणून पैसे कमी केले आणि मामा परतीच्या बसमध्ये सगळ्यांना तेच सांगत आला. मला त्याच्या शेजारी बसवेना. मी उठून मागं जाऊन उभी राहिले.

परवा घरात वायफायचा राउटर घ्यायचा म्हणून माझा मुलगा दोन खोक्यांचे फोटो दाखवत होता. ह्याचा स्पीड जास्त, ह्याची रेंज गच्चीपर्यंत. 'रेंज' शब्द ऐकला आणि माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. म्हटलं, लांब जातं ते सगळेच सांगतात रे, आत कोण येऊ शकतं ते आधी विचार. तो म्हणाला, आई, पासवर्ड असतो. असू दे. माझी मळमळ जात नाही.

तर तो फोन घरी आला. मामानं तो गादीवर ठेवून सगळ्यांना हात लावू दिला. बाबांनी हँडसेट लांब धरून उलटापालटा केला.

"तार नाई तं बोलणं जाते कुठून?"

"हवेतून, दाजी!"

"हवेतून?" बाबा म्हणाले. "मंग हवेत तं सारेच हायत."

मामा पोट धरून हसला. पण बाबांचं ते बोलणं उगीच नव्हतं. ढेपेच्या दुकानाखेरीज बाबा बैलबाजारात दलाली करायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं धरायची. इतकी बोटं धरली म्हणजे इतके, पुरा पंजा म्हणजे पाच, आणि सौदा पटला तर अंगठ्यानं तळहात दाबायचा. भोवती शंभर माणसं उभी असोत, कुणाला कळायचं नाही. लहानपणी बाबा आमच्याशी तोच खेळ खेळायचे. दुपट्ट्याखाली बोटं दाबून विचारायचे, "सांग किती?" मी हात ओढून घ्यायची, त्यांच्या हाताला बैलांचा आणि ढेपेचा वास यायचा. ताई मात्र तासन्‌तास खेळायची आणि कधी चुकायची नाही. बाबा म्हणायचे, ही पोरगा असती तर माझ्याहून मोठी दलाल झाली असती.

फोन लागला. काळा फोन कपाटात गेला. पुढच्या बाजाराच्या दिवशी ताईचा फोन आला आणि आई पहिल्यांदा स्वयंपाकघराचं दार लावून मोकळं बोलली. मी शेजारीच होते. आई म्हणाली, "अक्षय तृतीयेले तुझ्या मामाले मुराळी धाडतो. सासूले म्हण, आठ दिवसात येतो. लेकराले घेऊन ये, मागं जायचं नाई आता. ते चांदीचं कडं राहू दे तिथंच, जीव तेवढा घेऊन ये." मुराळी म्हणजे सणाला माहेराहून न्यायला जाणारा माणूस. त्याला कुणी नाही म्हणत नाही, तशी रीतच आहे. ताई इतकी रडली की शेवटी हसायला लागली. आईनं फोन ठेवला आणि दाराला टेकून बसून राहिली. मला वाटलं, सुटलो.

मामा नवीन धोतर नेसून मुराळी गेला. सासू नातवाला कडेवर घेऊनच उंबऱ्यावर उभी होती. म्हणाली, "सून न्या ना, आमी काऊन अडवू? लेकरू राहीन इथं. अन् ते चांदीचं कडंबी राहू द्या म्हन्ते ना तुमची बहीण, तं राहू द्या मंग. जीव तेवढा न्या."

आईचे शब्द. एकही इकडचा तिकडं नाही. ताई पिशवी घेऊन आत उभी होती. मामा म्हणाला, ती लेकराकडं बघत राहिली आणि मग तिनं पिशवी खाली ठेवली. मामा एकटाच परत आला. त्या दिवसापासून ताईचं बाजारात जाणं बंद. तिचा आवाजच बंद झाला आमच्यासाठी.

आता हे बाहेर गेलं कसं? त्या काळी सगळ्यांना एकच ठाऊक, एक्स्चेंजमधला ऑपरेटर ऐकतो. मामा तिथं जाऊन एका गरीब माणसाच्या अंगावर धावून गेला, दोन शिव्या तेलुगूत आणि चार मराठीत देऊन आला, आणि आमच्या गादीवर बसून चहा पीत ते साऱ्या गिऱ्हाइकांना सांगत राहिला. ताईचं नावसुद्धा घेतलं. मला तो चहाचा कप त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटत होता.

समोरची काकू रोज यायची. वाटीत वरण, कधी आंब्याचं लोणचं. आईच्या पाठीवरून हात फिरवायची. "रडू नको बाई. होईन सारं बरं. तुनं जराक दम धरला असता ना!" आई तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायची.

आमच्या त्या फोनला एक सवय होती. मधेच अर्धी घंटी वाजायची आणि थांबायची. उचलला तर काही नाही. मामा म्हणायचा, लाइनीत खराबी आहे. एका दुपारी अशीच अर्धी घंटी वाजली. मी ओट्याशीच होते, झटकन उचलला. आणि त्यात काकूचा आवाज. स्वच्छ, शेजारी बसून बोलावं तसा. बोलत होती ताईच्या सासूशी.

"काल लय रडली बाप्पा. भावाले फोन लावला अन् अर्धा तास नाक ओढून राह्यली. म्या अख्खे वांगे चिरले आइकता आइकता." दोघी हसल्या. "तू नको काळजी करू, इथून काही हललं की पहिले मले कळते. तिकडून सून हलू नको देऊ. माझ्या मध्यस्थीची सोयरीक मोडली तं मी तोंड कुठं दाखवू?"

वांगी चिरता चिरता! माझ्या आईचं रडणं हिला वांग्यांबरोबर लागत होतं. आणि काल संध्याकाळी त्याच वांग्यांची भाजी वाटीत घालून ही आमच्या दारात आली होती. मी हँडसेट जागेवर ठेवला, मोरीत गेले आणि सकाळचं सगळं ओकले. चुळा भरल्या, परत ओकले. जुळे सेट, एकच लहर, मधे बारा पावलांची गल्ली. रेंज गावाबाहेरपर्यंत होती ना? समोरचं घर तर जवळच होतं.

बाबांना आणि आईला आत बोलावून सांगितलं. आई उठलीच. पायातली चप्पल हातात घेऊन दारापर्यंत गेली. बाबांनी तिला दंडाला धरून बसवलं.

"बस. तिले जर कळलं का आपल्याले कळलं, तं ती दुसरा रस्ता काढीन. चालू द्या. जसे बोलता तसेच बोला. रडणं बी तसंच राहू द्या."

"अन् पोरगी?" आई म्हणाली.

"तिले आणायले म्या नाई म्हणलो का काही?"

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात घाणेरडे. आई मामाला फोन करायची आणि म्हणायची, "राहू दे बाप्पा, नशीब तिचं. आता तिथंच नांदू दे." बाबासुद्धा फोनवर मोठ्यानं म्हणायचे, "लेक दिली ती दिली." आणि मला तो हँडसेट हातात धरवायचा नाही. बोलताना वाटायचं, त्या जाळीच्या पलीकडं काकूचं तोंड आहे, उघडं, वांग्याच्या बिया दातांत अडकलेलं. काळ्या फोनवरची खर्र्याची थुंकी परवडली असती. ती निदान दिसायची. काकू वाटी घेऊन आली की आई वाटी घ्यायची, हसायची, आणि ती गेली की मी ते सगळं मागच्या गोठ्यातल्या म्हशीच्या पुढ्यात टाकायची. एकदा म्हशीनंही तोंड फिरवलं, तेवढंच काय ते आमच्या घरात त्या उन्हाळ्यात हसणं झालं.

श्रावण लागला. बाबा एका सकाळी म्हणाले, "लेकीले पंचमीचं वाण देऊन येतो." हे आईनं फोनवरसुद्धा मामाला सांगितलं, मुद्दाम. वाण द्यायला बाप जातोच, त्यात लपवायचं काय? बाबा साडी, बांगड्या आणि लाह्या घेऊन एसटीनं गेले. मामाला सोबत नेलं नाही.

तिथं काय झालं ते ताईनं मला पुढं कितीदा तरी सांगितलं. सासू जागची हलली नाही. बापलेकीच्या मधोमध पाट मांडून बसली. बाबांनी ताईला एक अक्षर विचारलं नाही. पाऊसपाण्याचं बोलले, बैलांचे भाव बोलले. सासू मनातून खूश, बापानं हात टेकले म्हणून. निघताना बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि ताईचा हात हातात घेऊन वरून पांघरला. सासू नाक मुरडून दुसरीकडं बघायला लागली. बाप लेकीच्या मुठीत गुपचूप नोट दाबतो हे तिला ठाऊक होतं, तिच्याही बापानं कधी दाबली असेल. रात्री ती नोट ताईकडून काढून घेऊ, एवढाच तिचा हिशेब.

नोट होतीच. पण नोटेखाली बाबांनी ताईचा पुरा पंजा धरला. पाच. एकदा, मग पुन्हा. ताई म्हणते, आधी तिला काहीच सुचेना, बैलांचा वास आला आणि भडभडून आलं. मग समोरच्या ताटातल्या लाह्यांकडं लक्ष गेलं. पाच म्हणजे पंचमी. नागपंचमीला गावातल्या साऱ्या लेकीसुना गावाबाहेर वारुळाला जातात, लेकरं कडेवर घेऊन. त्या दिवशी सासवा घरात असतात. वर्षातला तो एकच दिवस. मग बाबांनी तिचं एक बोट घेऊन तिच्याच दंडाला लावलं, जिथं लेकराचं डोकं टेकतं तिथं. लेकरू घेऊन. आणि थांबले. समोरचा काय म्हणतो त्याची वाट बघत थांबतात तसे.

ताईनं अंगठ्यानं बाबांचा तळहात दाबला. सौदा पटला. बाबांनी दुपट्टा काढून खांद्यावर टाकला, सासूला रामराम केला आणि एसटी धरली.

घरी आल्यावर बाबांनी आईला आणि मला काही सांगितलं नाही. फोनवर आम्ही रोजच्यासारखं रडगाणं गायलो. मला राग यायचा त्यांचा. वाटायचं, खरंच हात टेकले ह्यांनी. पंचमीच्या सकाळी बाबा बैलबाजाराला म्हणून निघून गेले. आईनं त्या दिवशी चिरलं नाही, तळलं नाही, रीत म्हणून. दिवसभर ती पुरणाच्या दिंडांच्या पातेल्यासमोर बसून होती.

ऊन उतरायच्या वेळी दारात जीप थांबली. पुढून बाबा उतरले. मागून ताई. पायात चप्पल नाही, नवी साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, कडेवर लेकरू, त्याच्या मुठीत अजून वारुळाच्या लाह्या. आईनं लेकराला हिसकूनच घेतलं आणि दोघांना धरून ओसरीवर बसली. गल्ली गोळा झाली. अशा वेळी गल्लीला निरोप द्यावा लागत नाही.

काकू धावत आली. पदर सावरलेला नाही, श्वास लागलेला. ताईकडं बघितलं, लेकराकडं बघितलं. तिनं ताईला विचारलं नाही तू कशी आहेस. लेकराच्या गालाला हात लावला नाही. ती आईवर जवळजवळ ओरडलीच, "अवं, पण फोनवर तं काहीच बोलले नाई तुमी!"

आणि हात आपल्याच तोंडावर नेला. उशीर झाला होता. त्या एका वाक्याला ना अँटेना लागली ना सेट. आख्ख्या गल्लीनं ऐकलं. काकूचा नवरा मागं उभा होता, त्याची मान खाली गेली. कुणीतरी "थू" म्हणालं. मी महिनोन्‌महिने शिव्या जमवून ठेवल्या होत्या, त्यातली एकही मला आठवेना.

आई लेकराला कडेवर घेऊन उठली. घरात गेली, तो हँडसेट आणि त्याचा ठोकळा, तारेसकट उपसून आणला आणि काकूच्या हातात ठेवला.

"घे," म्हणाली. "जोडी पुरी झाली तुझी."

मग तिनं दार लावून घेतलं.